रात्री अकरानंतर

गेल्या दिवाळीत घरी माळा आवरताना मला एक निळी लॅन केबल सापडली. पंधराएक मीटर लांब, एका टोकाची क्लिप तुटलेली, त्यावर मार्करने लिहिलेला माझा रूम नंबर. फोटो काढून इंजिनिअरिंगच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘डीसीची आठवण’.

धो धो रिप्लाय आले. हब कुणाच्या रूमवर चालायचा, कुणाचं डाउनलोड नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलं, कुणाच्या फोल्डरमधून अख्ख्या बॅचने एकच मायक्रोप्रोसेसरची फाइल छापली आणि सरांनी साठच्या साठ परत केल्या. चाळीसेक मेसेज झाल्यावर माझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट पार्टनरचा मेसेज आला.

‘डीसी म्हणजे काय?’

आम्ही चार वर्षं एका वर्गात होतो. शेवटचं वर्षभर एका टेबलावर, एका सर्किटवर डोकं फोडत होतो. ग्रुप दोन मिनिटं गप्प झाला, मग कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला आणि विषय फटाक्यांवर गेला. मी मात्र तिथेच अडकलो. ज्या गोष्टीला मी आजवर ‘आमचं कॉलेज लाइफ’ म्हणत आलो, ती अर्ध्या वर्गाने पाहिलीच नव्हती?

याचा छडा लावायला निघालो आणि बराच मागे गेलो. पार माझ्या मावशीच्या एसटीडी बूथपर्यंत.

*

आधी माझ्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगतो, ती पुढे लागेल.

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या सिस्टीममध्ये दिवसभराचे हिशेब जुळवणारा एक मोठा जॉब रोज रात्री दोनला सुरू होतो. दोनच का? कारण तेव्हा सर्व्हर रिकामे असतात. कुठलंही नेटवर्क बांधताना सगळ्यात जास्त गर्दीच्या वेळेचा विचार करून बांधावं लागतं. टेलिफोन एक्स्चेंज असो, मोबाइल टॉवर असो की डेटा सेंटर. दुपारी बाराला जेवढी क्षमता लागते तेवढी रात्रीही उभीच असते, फक्त ती वापरायला कुणी नसतं. यंत्रांचा खर्च मात्र रात्र म्हणून थांबत नाही. मग कंपनी काय करते? ही रिकामी क्षमता पडेल त्या भावात विकते. संध्याकाळी उरलेली मेथी भाजीवाला काढून टाकतो तशी.

ही रात्रीची मेथी घेणार कोण? ज्याच्याकडे पैसे नाहीत, पण वेळ आहे आणि जो जागा आहे. हे वर्णन वाचून तुमच्या डोळ्यांसमोर जो आला, तोच. कॉलेजचा पोरगा.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या तंत्रज्ञानाचा इतिहास लिहायचा तर लोक सहसा यंत्रांची यादी करतात. आधी लॉग टेबल, मग कॅल्क्युलेटर, मग सायबर कॅफे, मग मोबाइल. माझ्या मते त्यापेक्षा सरळ एक प्रश्न विचारावा: स्वस्त तास कोणता होता, आणि त्या तासाला कोण कुठे होतं?

*

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर इंजिनिअर व्हायचं म्हणजे पुण्याचं १८५४ सालचं सीओईपी, मुंबईचं १८८७ सालचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराडचं सरकारी कॉलेज अशी मोजकी दारं होती. १९८३ नंतर तालुक्यातालुक्यात कॉलेजं उभी राहिली आणि गावांतली पोरं बॅगा भरून शंभर-दोनशे किलोमीटर लांब राहायला गेली. हॉस्टेलवर, नाहीतर कुणाच्या तरी वाड्यात कॉट बेसिसवर. घर सोडलेला विद्यार्थी हा प्रकार तेव्हा संख्येने वाढला. घर सोडलं की पहिली गरज पडते ती घरी बोलायची.

मावशी १९८८ साली अशाच एका कॉलेजात गेली. साठ जणांच्या वर्गात चार मुली. घरी फोन नव्हता. समोरच्या डॉक्टरांकडे होता, तो ‘पीपी नंबर’ म्हणून दिलेला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्याच्या घरचा नंबर स्वतःचा म्हणून द्यायचा, पुढे कंसात ‘पीपी’ लिहायचं. फोन आला की डॉक्टरांचा कंपाउंडर रस्ता ओलांडून हाक मारायचा.

१९८४ साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली आणि सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने देशी डिजिटल एक्स्चेंज बनू लागली. पाठोपाठ आले ते पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ. ट्रंक कॉल बुक करून तासन् तास बसायचं संपलं. काचेच्या खोक्यात उभं राहायचं, नंबर फिरवायचा आणि समोर लाल आकड्यांचा मीटर पळताना बघायचं. मावशी म्हणते, ‘आईचा आवाज ऐकताना डोळे मीटरवर असायचे. ती काय म्हणाली ते नंतर खोलीवर येऊन आठवायचं.’

हा मीटर रात्री हळू पळायचा. संध्याकाळपासून दर उतरत जायचे आणि रात्री अकरानंतर ते पाव व्हायचे. पाव दर! तीन मिनिटांच्या पैशांत बारा मिनिटं. गावोगावच्या स्टँडजवळच्या बूथबाहेर पावणेअकरापासून रांगा लागायच्या. नोकरदार, फिरतीवरचे लोक आणि हॉस्टेलची मुलं. चहाच्या गाड्याही त्याच रांगेच्या हिशेबाने उघड्या राहायच्या. त्या काळात शिकलेल्या कुठल्याही पुरुष इंजिनिअरला हा विषय काढून बघा, त्यांचा चेहरा खुलतो. त्या रांगेत मैत्र्या झाल्या आहेत.

मावशीच्या लेडीज हॉस्टेलचं फाटक संध्याकाळी सातला बंद व्हायचं.

‘मग तुम्ही फोन कधी करायचात?’ मी विचारलं.

‘दुपारी. पूर्ण दराने.’

म्हणजे त्याच कॉलेजात, त्याच बूथवर, त्याच गावाला लावलेल्या फोनला मुलीला मुलाच्या चौपट पैसे पडायचे. नियमात असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. टेलिफोन खात्याने मुलगा-मुलगी बघून दर ठेवले नव्हते आणि हॉस्टेलने फोनला बंदी केली नव्हती. दोन वेगळ्या खात्यांची दोन वेगळी वेळापत्रकं होती, ती एकमेकांवर ठेवली की हा हिशेब निघायचा. मावशीने तो कधी असा मांडला नव्हता. ‘आम्ही पोस्टकार्ड लिहायचो,’ एवढंच ती म्हणाली. तेव्हा कार्ड पंधरा पैशांना होतं.

ती फोनवर थोडं थांबली आणि मग आपणहून शीटचं सांगू लागली. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट्स ज्यांनी काढल्या आहेत त्यांना ‘जीटी’ माहीत असते. ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच आडवी ठेवायची, खाली बल्ब लावायचा, वर हुशार मुलाची शीट आणि त्यावर आपली कोरी शीट. मूळ शीट रात्रभर मुलांच्या हॉस्टेलमध्ये खोली बदलत फिरायची आणि सकाळी वर्गात मुलींच्या हातात पडायची, सबमिशनला दोन तास राहिलेले असताना. ‘म्हणून आमच्या शीट्स आम्हीच काढायचो,’ मावशी म्हणाली. त्यात अभिमान होता की तक्रार, ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

*

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. १९९८ नंतर खासगी कंपन्यांनाही ही सेवा द्यायची परवानगी मिळाली आणि दोन-तीन वर्षांत कॉलेजजवळच्या गल्ल्या सायबर कॅफेंनी भरल्या. प्लायवूडची खोकी, पडदा, घरघरणारा पंखा आणि स्क्रीनवर कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. पुन्हा मीटरच. सुरुवातीला तासाचे साठ-ऐंशी रुपये, मग उतरत उतरत वीस, पंधरा, दहा.

इथेही रात्र स्वस्त होती. अनेक कॅफे रात्री अकराला शटर अर्धं ओढायचे आणि आत ‘नाइट पॅकेज’ सुरू व्हायचं. पहाटेपर्यंत एकरकमी. कुणी काउंटर-स्ट्राइक खेळायचं, कुणी अमेरिकेतल्या विद्यापीठांचे फॉर्म भरायचं, कुणी याहूच्या चॅटरूममध्ये कधीही न भेटणाऱ्या कुणाशी तरी बोलत बसायचं. दिवसा तासाला पंधरा रुपये देऊन मेल बघणं वेगळं आणि सहा तास हातात असताना भटकणं वेगळं. कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने हातात बसतो तो या भटकण्यात. माझ्या कंपनीतले चाळिशीचे दोन सीनिअर लिनक्स कसं शिकले विचारलं, तर दोघंही एका अर्ध्या शटरच्या कॅफेचं नाव घेतात. ते शटर वाकून ओलांडणाऱ्या मुली किती असतील, हे मी त्यांना विचारलं. ‘अरे, रात्री कशा येतील?’ एक जण म्हणाला. त्याला माझा प्रश्न विचित्र वाटला.

*

या सगळ्यात पहिली फट पाडली ती मोबाइलने. आणि ती फट आपण पुरेशी नोंदवलेली नाही, असं मला वाटतं.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. पण तेव्हा फोन उचलायलाही पैसे पडायचे, त्यामुळे विद्यार्थ्यांशी त्याचा संबंध नव्हता. संबंध आला २००३ मध्ये. त्या वर्षी इनकमिंग फुकट झालं, रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट द्यायची योजना आणली आणि त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० आला. इनकमिंग फुकट म्हणजे मिस्ड कॉल फुकट. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे बाबा शेजारी आहेत, आत्ता करू नकोस. बिनपैशांची एक आख्खी भाषा पोरांनी उभी केली.

एसएमएसचंही तसंच. एका मेसेजात रोमन लिपीची १६० अक्षरं मावायची. देवनागरीत लिहिलं की मर्यादा थेट ७० वर यायची, कारण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला जास्त बिट्स लागतात. त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जायच्या. म्हणजे ‘कशी आहेस’ विचारण्यापुरतं ठीक, पण भांडण मिटवायचं तर देवनागरी परवडणारी नव्हती. आपल्या पिढीचं मराठी रोमन लिपीत गेलं त्याचं खापर न्यूनगंडावर फोडणारे लेख मी पुष्कळ वाचलेत. हिशेबाचं कारण कुणी फारसं सांगत नाही. मेसेज पॅक असूनही सणावारी, थर्टी फर्स्टला पॅक चालायचा नाही. त्याला ‘ब्लॅकआउट डे’ म्हणायचे. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने जाहिरातींचे मेसेज रोखायला सिमकार्डमागे दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली, तेव्हा खरी बोंब मारली ती कॉलेजच्या पोरांनी. दीडेक महिन्यात ती २०० वर न्यावी लागली.

आणि स्वस्त तास? तो मोबाइललाही होताच. रात्री अकरा ते सकाळी सहा-सातपर्यंत बोलण्याची नाइट पॅक्स. फरक एवढाच की हा तास आता स्टँडजवळच्या बूथवर नव्हता, शटरखाली वाकावं लागत नव्हतं. तो पांघरुणात आला होता. फाटक बंद झाल्यावरही रात्र संपत नव्हती. लेडीज हॉस्टेलच्या जिन्यांवर, गच्चीच्या पायऱ्यांवर, बाथरूमच्या पॅसेजमध्ये रात्री बारानंतर कुजबुज सुरू झाली ती या काळात. अनेक वॉर्डनना ती कुजबुज पहिल्यांदाच ऐकू आली आणि अनेक हॉस्टेलांनी मोबाइलवरच बंदी घातली. त्यांना मोबाइलची भीती नव्हती. फाटक निरुपयोगी झाल्याचं त्यांना बरोबर कळलं होतं.

पण आवाज आत आला तरी डेटा बाहेरच राहिला. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडचा ‘होम ५००’ प्लॅन आठवतोय? पहाटे दोन ते सकाळी आठ अमर्याद. हॉस्टेलबाहेर रूम घेऊन राहणारी पोरं पैसे काढून तो घ्यायची, दीडला गजर लावून उठायची, दोन वाजून पाच मिनिटांनी डाउनलोड सुरू करून परत झोपायची. दोनच्या आधी सुरू केलं की बिल बसायचं. रात्र विद्यार्थ्यांची झाली होती, आणि हे संस्थांनाही कळत होतं. मार्च २००७ मध्ये आयआयटी मुंबईने हॉस्टेलमधलं इंटरनेट रात्री ११ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० बंद ठेवायला सुरुवात केली. मुलं रात्रभर जागतात, सकाळच्या लेक्चरला येत नाहीत, खोलीतून बाहेर पडत नाहीत, अशी कारणं तेव्हा बातम्यांत आली होती. पुन्हा अकराच. एसटीडीचा पाव दर जिथे सुरू व्हायचा, बरोबर तिथे.

*

आता माझी निळी केबल.

मी २०१४ साली कॉलेजात गेलो. आमच्या बॉइज हॉस्टेलमध्ये इंटरनेट नावापुरतं होतं, पण खोल्याखोल्यांत लॅन होतं. त्यावर एका सीनिअरने डीसी++ चा हब चालवला होता. २००१ पासून असलेलं हे फुकटचं, मुक्त सॉफ्टवेअर देशभरातल्या हॉस्टेलांत पसरलं होतं. हबमध्ये स्वतःच्या फाइली नसतात. तो फक्त आत्ता कोण ऑनलाइन आहे ते सांगतो आणि शोध सगळ्यांपर्यंत पोचवतो. फाइल थेट एका खोलीतल्या मशीनवरून दुसऱ्या खोलीत जाते. इंटरनेट लागतच नाही. सातशे एमबीचा सिनेमा मिनिटभरात यायचा. प्रत्येकाकडे ठरावीक ‘स्लॉट’ असायचे, म्हणजे एका वेळी किती जणांना द्यायचं ते. लोकप्रिय पोराचे स्लॉट भरलेले असले की आपण रांगेत. स्टँडजवळच्या रांगेसारखंच, फक्त चहाशिवाय.

लोकांना वाटतं डीसी म्हणजे सिनेमे. सिनेमे होतेच. पण माझ्या शेअरमध्ये सर्वांत जास्त वेळा उचललं गेलेलं फोल्डर होतं ‘व्हायव्हा’. आठ-दहा बॅचेसनी जमवलेलं. कुठल्या विषयाला कुठले एक्स्टर्नल येतात, ते काय विचारतात, कुणाला काय उत्तर चालतं. शेजारी लॅब मॅन्युअल भरून तयार. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटेलची लेक्चर्स, कुणीतरी कधीतरी चांगल्या नेटवर उतरवून आणलेली. गेटचं साहित्य. आणि ‘प्लेसमेंट’ नावाचं एक फोल्डर, त्यात कंपनीवार सब-फोल्डर, त्यात मागच्या वर्षी इंटरव्ह्यूला विचारलेले प्रश्न. हे सगळं कॉलेजच्या लायब्ररीत नव्हतं. कॉलेजला ते असल्याचंही माहीत नव्हतं. अनेक वर्षांची, अनेक बॅचेसची शिदोरी एका इमारतीच्या भिंतींत वाहत होती.

गर्ल्स हॉस्टेल रस्त्यापलीकडे होतं. तिथवर केबल टाकलेली नव्हती. स्विच खरेदीच्या वेळी बजेट संपलं, असं एका लॅब असिस्टंटने मला पुढे कधीतरी सांगितलं होतं. मुद्दाम कुणी केलं असं मला आजही वाटत नाही. तिथलं फाटक रात्री आठला बंद व्हायचं. आमचा हब जागा व्हायचा दहाच्या पुढे.

डीसीच्या हबमध्ये शिरायला एक अट असते, किमान शेअर. आमच्याकडे दहा जीबी होतं. आधी तुमच्याकडे देण्यासारखं काहीतरी हवं, मगच घेता येतं. आम्हाला तो फार न्याय्य नियम वाटायचा. समाजवाद वगैरे बोलायचो आम्ही त्यावर.

एक गोष्ट खरी, की बाहेर फक्त मुलीच नव्हत्या. पास काढून एसटीने अप-डाउन करणारी पोरंही बाहेरच होती. पण त्यांचा कुणीतरी मित्र हॉस्टेलवर असायचा, ती सबमिशनच्या रात्री त्याच्या खोलीत मुक्कामाला यायची. मुलींना ती सोय नव्हती.

त्यांच्यापर्यंत पोचायचा तो पेनड्राइव्ह. आणि इथे मला स्वतःबद्दल सांगावं लागेल. मी माझ्या पार्टनरला आठ जीबीचा पेनड्राइव्ह नेऊन द्यायचो. मोठ्या मनाने. तिने मागितलं ते. ती ‘डिजिटल सिग्नलचे मागचे पेपर आहेत का’ विचारायची, मी पेपर द्यायचो. ‘व्हायव्हा’ फोल्डर आहे हे तिला माहीतच नव्हतं, तर ती ते मागणार कसं? आणि मला ते आपणहून द्यावंसं सुचलं नाही. मुद्दाम लपवलं नाही, शपथेवर सांगतो. सुचलं नाही. बदल्यात ती आमच्या दोघांच्या प्रोजेक्टची वही लिहायची, तिचं अक्षर चांगलं होतं म्हणून.

*

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो. त्याआधी एक जीबी थ्रीजी डेटा महिन्याला अडीचशेच्या आसपास पडायचा, म्हणून फोनचा डेटा बंद ठेवायचा आणि व्हॉट्सअ‍ॅप बघण्यापुरता चालू करायचा ही सवय होती. आता डिसेंबरपर्यंत सगळं फुकट, मग मार्च २०१७ पर्यंत वाढवलं. दुकानांसमोर आधार कार्ड घेऊन रांगा. माझ्याकडे फोरजी फोन नव्हता, मी रूममेटच्या हॉटस्पॉटवर जगलो. १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक झाले असं कंपनीने फेब्रुवारीत जाहीर केलं, त्यात आमचा अख्खा वर्ग असावा.

गंमत म्हणजे जिओने सुरुवातीला जाहीर केलेल्या प्लॅन्समध्येही पहाटे दोन ते पाच अमर्याद डेटा होता. सवयीने आलेला स्वस्त तास. तो कुणाच्या लक्षातही राहिला नाही, कारण दिवसालाच किंमत उरली नव्हती.

आमचा हब किती दिवसांत मेला? दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलो तेव्हा ऑनलाइनचा आकडा दोन अंकी झाला होता. जानेवारीत ज्याच्या खोलीत हबचा पीसी होता त्याने तो गेमिंगसाठी फॉरमॅट केला. कुणी तक्रारही केली नाही. ‘व्हायव्हा’ फोल्डर बहुतेक त्यातच गेलं. माझ्याकडची कॉपी ज्या हार्डडिस्कवर होती ती नंतर पडून खराब झाली. आम्ही पोरं यावर हळहळतो. पूर्वी एकत्र बसून सिनेमा बघायचो, आता जो तो आपापल्या फोनमध्ये, वगैरे. मीही हे दोन-तीनदा लिहिलंय, लाइक्सही मिळालेत.

दिवाळीच्या त्या मेसेजनंतर मी पार्टनरला फोन केला. ती आता बंगळुरूला असते, चिप डिझाइनमध्ये. मी डीसी काय होतं ते सांगितलं. फोल्डरची नावं सांगितली. ती ऐकत राहिली, मधे ‘हं’ म्हणत. मग म्हणाली, ‘मला वाटायचं तुम्ही सगळे माझ्यापेक्षा हुशार आहात.’

‘म्हणजे?’

‘व्हायव्हाला सर नेमकं तेच विचारायचे जे तुम्हाला यायचं. मी रात्री पुस्तक पाठ करून जायचे आणि तुम्ही कॅन्टीनमधून यायचात. तिसऱ्या वर्षापर्यंत मला खात्री होती की माझंच डोकं कमी आहे.’

मी काही बोललो नाही.

‘जिओ आल्यावर एका रात्री मी एनपीटेलवर सिग्नल्सचं लेक्चर लावलं. साडेअकरा वाजले असतील. खाली वॉर्डन कुलूप तपासत होत्या. एकच गोष्ट मी चार वेळा मागे नेऊन बघितली. कुणाला विचारायला लागलं नाही, कुणाचे उपकार नाहीत. माझं इंजिनिअरिंग त्या रात्री सुरू झालं, समज.’

म्हणजे जी तारीख मी आमच्या हॉस्टेलच्या सुवर्णयुगाचा शेवट म्हणून सांगत फिरतो, तीच तिची सुरुवात. आणि फाटकं तेव्हा उघडली नव्हती, हेही लक्षात घ्या. दिल्लीत मुलींनी हॉस्टेलच्या वेळांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ आंदोलन सुरू केलं ते २०१५ मध्ये, म्हणजे जिओच्या वर्षभर आधी. आमच्याकडे ते बातमीपुरतंच पोचलं. आमच्या कॉलेजचं फाटक मी पास होईपर्यंत आठलाच बंद होत होतं. फाटकावरून तिला उडी मारावी लागली नाही, इतकंच.

‘आणि ती वही,’ फोन ठेवताना ती म्हणाली. ‘ती तू लिहायला हवी होतीस. तुझं अक्षर काही वाईट नव्हतं.’

*

मावशीची मुलगी आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२० मध्ये ती शाळेत होती, घरी रेंज नसल्याने पाण्याच्या टाकीवर चढून ऑनलाइन तास करणाऱ्या पिढीतली. व्हायव्हाचे प्रश्न ती चॅटजीपीटीला विचारते आणि त्याने चुकीचं सांगितलं की मला. हा लेख लिहिताना तिला व्हिडिओ कॉल लावला, वरच्या चौकोनात मावशी होती. फाटकाचं विचारलं. नऊला बंद होतं.

‘दोन वर्षांपूर्वी साडेनऊ होतं म्हणे,’ ती म्हणाली.

एसटीडीचा पाव दर काय होता ते मावशी तिला समजावून सांगत होती. मीटर, रांग, पीपी नंबर. मधेच चित्र अडकलं, आवाज तुटायला लागला.

‘दादा, थांब जरा,’ तिचं अर्धं वाक्य ऐकू आलं. ‘आजचा डेटा संपला. पाच मिनिटं. बारा वाजले की नवा येतो.’